लाल बटणावर डबल बेल

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कोणीतरी डबल बेल दिली म्हणूनच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमचे आतोबा बत्तीस वर्षं मुरबाडला एसटीत कंडक्टर होते. 'होते' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नाही. निवृत्तीचा कागद मिळाला, नारळ मिळाला, शालही मिळाली. माणूस मात्र अजून ड्यूटीवर आहे. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते, या एका नियमावर त्यांनी सगळा संसार केला. जेवायला बसल्यावर ताटावर वाटीची दोनदा टकटक झाल्याशिवाय घरात कोणी घास उचलत नाही, आणि पुरे म्हणायचं असलं की ते एकदाच टक करतात. नव्या सुनेला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने त्या एका टकीचा अर्थ 'आणखी वाढ' असा घेतला आणि आतोबांनी जितक्या वेळा गाडी थांबवली तितक्या वेळा तिने भात वाढला. त्यांनी तो सगळा निमूटपणे संपवला. नंतर सुनेला ओटीवर बसवून पाऊण तास ट्रेनिंग दिलं.

माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक आतोबांच्या हातात देण्याची चूक माझ्या वडिलांनी केली. मंगलाष्टकं संपली, भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं, वाजंत्रीवाल्यांनी गाल फुगवले, पण अंतरपाट काही हलेना. आतोबांचं लक्ष मांडवाच्या दाराशी थांबलेल्या पाहुण्यांकडे होतं. "पुढं सरका, मधी जागा हाय. ओ टोपीवाले, दारात नका उभं राहू," असं करत त्यांनी दार मोकळं केलं, डोकी मोजली, आणि खात्री पटल्यावर शेजारच्या मांडवाच्या खांबावर बोटाने दोनदा टिचकी मारली. तेव्हा कुठे मला माझी बायको दिसली. आमच्या सापगावात अजून माझं लग्न सात मिनिटं लेट लागल्याचं सांगतात, आणि आतोबा शांतपणे म्हणतात, "लेट लागला, पन पाशिंजर कोन सुटला नाय."

घरच्या माणसांना गाडीत ओळख दाखवायची नाही हा त्यांचा दुसरा नियम. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आत्या माहेरी यायला त्यांच्याच गाडीत बसली. हातभर हिरवा चुडा, मांडीवर फराळाचा डबा, आणि समोर उभा असलेला नवरा विचारतो आहे, "कुठं जायचंय बाई?" आत्या लाजून हसली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. "सापगाव," ती म्हणाली. त्यांनी तिकीट फाडून हातात दिलं आणि डब्याकडे बघून म्हणाले, "सामान शिटवर नका ठेवू." आत्या हा किस्सा आजही सांगते, आणि सांगताना दर वेळी नव्याने चिडते.

खरी गंमत पुढे आहे. निवृत्तीनंतर आतोबा गाडीत प्रवासी म्हणून बसू लागले असतील असं तुम्हाला वाटेल. छे. गाडी अर्धी रिकामी असली तरी ते दाराजवळ उभे. आत्या खिडकीशी एकटी, शेजारची जागा मोकळी. "शीट पाशिंजरची असते," एवढंच त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा वर्षांत ते कल्याणला पन्नासदा गेले असतील, पण आत्याच्या बाजूला एकदाही बसले नाहीत. म्हाताऱ्यांना हात द्यायचा, पोरांना दारातून मागे ओढायचं, आणि गाडी सुटताना हात आपोआप वर जायचा. ज्यांची खरी ड्यूटी असते ते कंडक्टर बिचारे ओशाळून जातात.

तर अशा या माणसाकडे सामान्यज्ञानाचा मोठाच साठा होता, आणि तोही गाडीतच जमलेला. लोक सीटवर वर्तमानपत्रं विसरून जात आणि आतोबा ती शेवटच्या थांब्यावर वाचून काढत. संध्याकाळी टीव्हीवर एक प्रश्नमंजुषा लागते, खास ज्येष्ठ नागरिकांसाठी. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत यांचं उत्तर तयार. आत्या वैतागून म्हणायची, "येवढा येतो तर जा ना तिथं. मना कशाला सांगता?" एक दिवस त्यांनी हे बोलणं मनावर घेतलं. मी वाशिंदला एका कारखान्यात कामाला आहे. आतोबा तिथल्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुज्या मोबाइलवर तो फॉर्म भर. पैला बक्षीस काय हाय ठाव हाय? नवरा-बायकोला केरळ. इमानानं."

मी म्हटलं, "आतोबा, तुम्ही कधी नारळ बघायला अलिबागला गेला नाहीत. केरळ कशाला, आणि तेही विमानाने?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "इमानात म्हनं पट्ट्यानं बांधून ठेवतात. उठूच देत नाय. मंग मी काय करनार? बसावाच लागंल ना तिच्या बाजूला." आणि लगेच दम भरला, "आत्याला बोलू नको."

मला हसू आलं. नाही सांगणार, असं वचन दिलं आणि फॉर्म तिथेच भरला.

निवड झाली. मी रजा टाकली आणि आम्ही तिघं गोरेगावच्या स्टुडिओत पोहोचलो. चार स्पर्धक, चौघांसमोर चार लाल बटणं. कानाला यंत्र लावलेल्या एका मुलीने नियम समजावले. प्रश्न संपला की बटण एकदा दाबायचं, दिवा लागला की पाच सेकंदांत उत्तर द्यायचं. उत्तर द्यायचं नसेल तर पुन्हा दाबायचं, म्हणजे दिवा विझतो आणि प्रश्न पुढच्याकडे जातो. आतोबांनी मान डोलावली. नियम समजून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण बटण डोकं दाबत नाही, हात दाबतो, आणि त्या हाताला बत्तीस वर्षांत एकच गोष्ट शिकवलेली होती.

पहिला प्रश्न महाराष्ट्रातल्या सर्वात उंच शिखराचा. सगळ्यांच्या आधी आतोबांचा दिवा लागला आणि विझला. टक टक. "काकांनी प्रश्न सोडला," सूत्रसंचालक म्हणाला. "कळसूबाई," आतोबा खणखणीत आवाजात म्हणाले, पण तोवर बोलण्याचा हक्क शेजारच्या बाईंकडे गेला होता. त्यांनीही कळसूबाईच सांगितलं आणि गुण घेतले. दुसऱ्या प्रश्नाला तेच. तिसऱ्याला तेच. सूत्रसंचालक भला माणूस, जवळ येऊन म्हणाला, "काका, एकदाच दाबायचं." आतोबा म्हणाले, "व्हय व्हय, एकदाच." चौथ्या प्रश्नाला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं आणि बटण खरोखर एकदाच दाबलं. दिवा लागला. आणि आतोबा गप्प उभे राहिले. पापणी हलेना, ओठ हलेना. माझ्या शेजारी आत्याने कपाळाला हात लावला. "एकच घंटी झाली ना," ती पुटपुटली. "आता ते हलायचं नाय." पाच सेकंद संपले.

शेवटचा प्रश्न कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना वाटेत कोणतं तालुक्याचं गाव लागतं, हा होता. आनंदाच्या भरात आतोबांनी असं जोरात टक टक केलं की बटणाचं झाकण उडालं. हक्क गेला एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे. ते विचार करून म्हणाले, "शहापूर." आतोबांना हे सोसण्यासारखं नव्हतं. ते मॅनेजरांकडे वळून अगदी समजुतीने म्हणाले, "सायेब, चुकीच्या गाडीत बसलात. उतरून घ्या, मुरबाडची मागून येते." प्रेक्षक दोन मिनिटं हसत होते. शून्य गुण, एक थर्मास आणि स्टुडिओतल्या सगळ्यांचं प्रेम घेऊन आतोबा खाली उतरले. आत्या म्हणाली, "बरा झाला. इमानात मना भ्याव वाटला असता." त्यांनी थर्मास तिच्या हातात दिला. कल्याण येईपर्यंत ते लोकलच्या दारातच उभे होते.

कल्याण स्टँडवर ते पाणी आणायला गेले तेव्हा मी वचन मोडलं. पट्ट्याची गोष्ट आत्याला सांगून टाकली. तिने ऐकून घेतलं, पदराने थर्मास पुसला आणि विचारलं, "गाडी कुठल्या फलाटावर हाय?"

मुरबाडची गाडी निम्मी रिकामी होती. आत्या दोघांच्या सीटवर खिडकीशी बसली, मी मागे. आतोबा सवयीने दाराजवळ उभे राहिले. आत्या उठली, त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना ओढत आणलं आणि शेजारी बसवलं. मग आपला उजवा हात त्यांच्या पोटावरून आडवा टाकला आणि पलीकडचा दांडा घट्ट पकडला.

"अगो, काय करतेस? लोक बघतान," आतोबा कुजबुजले.

"पट्टा लावलाय," आत्या म्हणाली. "मुरबाड येईस्तोवर उठायचा नाय."

ज्या बाईने पस्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत नवऱ्याच्या हाताला हात लावला नव्हता, तिचा हात भर गाडीत तसाच राहिला. वाटेत एका थांब्यावर गर्दी चढली. एक म्हातारी उभी राहिली, आतोबा चुळबुळले, मी पटकन उठून माझी जागा तिला दिली. गाडीच्या कंडक्टर बाईंनी दोरी दोनदा ओढली. आतोबांचा हात वर जायला निघाला आणि अर्ध्यावरच थांबून आत्याच्या हातावर येऊन विसावला.

आता आत्याच्या गुडघ्यांनी संप केला आहे आणि ती कल्याणलाही येत नाही. दोघं संध्याकाळी ओटीवरच्या बाकड्यावर बसतात. मी गेलो की आतोबा उठून मला जागा द्यायला बघतात, आणि आत्याचा हात मध्ये आडवा येतो. मग ते मला म्हणतात, "तू उभा रहा रे. शीट खाली नाय."