उपाशी जीभ

सरबताच्या कारखान्यात रस चाखणारी बाई एकच. सगळे तिला मावशी म्हणत. लिंबांची, संत्र्यांची गाडी आली की प्रत्येक ढिगातलं एक फळ कापायचं, रस तोंडात घोळवायचा आणि सांगायचं, हा घ्या, तो परत पाठवा. कारखान्याचा नियम असा, की चाखणारीनं उपाशीपोटी यायचं. खाल्लं की म्हणे जीभ बोथट होते! आणि मावशीचा स्वतःचा नियम, की तोंडात घेतलेलं थुंकायचं नाही. आईनं तसं बजावलेलं. अशी बावीस वर्षं, रोज वीसएक आंबट घोट रिकाम्या पोटात. अहो, आंबटानं पितळेचं पातेलंसुद्धा हिरवं पडतं, हे तर माणसाचं पोट!

छातीत निखारे पेटायला लागले तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“काहीतरी खाऊन जा आणि रस गिळू नका. नाहीतर काम सोडा,” त्या म्हणाल्या.

तिनं हे मुकादमाला सांगितलं, तर तो दात कोरत म्हणाला, “नियम तो नियम, मावशी. झेपत नसेल तर घरी बसा. तरुण जीभ आणू.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः ढेकरा देतो आणि मला उपास शिकवतो!

दुसऱ्या दिवशी सुनेनं डबा पुढे केला. “आई, भात खा आणि मग भांडायला जा.”

मुकादम यायच्या आधी मावशीनं कारखान्याच्या दारातच भात खाल्ला, खळखळून चूळ भरली, पायाशी बादली ठेवली. पहिला घोट थुंकताना मनातल्या मनात आईची माफी मागितली.

अकराव्या ढिगाशी ती थबकली. “कडसर लागतंय. बाकीची काप.”

“वरून तर सोन्यासारखी आहेत!” म्हणत मुकादमानं पाच-सहा फळं कापली. सगळी आतून काळी.

“बघा!” मुकादम म्हणाला. “ही उपाशी जिभेची करामत. म्हणून नियम लागतो.”

मावशीनं रिकामा डबा त्याच्यापुढे आपटला. “डबाभर भात खाऊन आलेय मी! बावीस वर्षं पोट जाळलंत माझं. कुणी केला रे हा नियम?”

“ते... आधीपासूनच आहे.”

“कुणी केला?”

“ठाऊक नाही.”

“मग मोडला कुणी, ते तरी ठाऊक असू दे. उद्यापासून मी खाऊनच येणार. आणि ती बादली ओतून आण.”

मुकादमानं बादली उचलली.