डगल्याचा शेवटचा कोपरा

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा माझ्या बायकोने, सुनंदाने, हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. ती मी चौकात थांबून सोडून टाकली. कुणी भूत पाहिलं म्हणालं की मी आधी चष्म्याचा नंबर विचारतो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. कुणी बँकेत, कुणी एसटीत, एकाचं खताचं दुकान. छंद एकच — जुन्या काळचे शिपाई जे वापरायचे ते आपल्या हाताने, त्या काळच्या पद्धतीने बनवायचं आणि वर्षातून एकदा उदगीरच्या किल्ल्यात ते अंगावर चढवून लोकांना दाखवायचं. ढाली, चामड्याचे पट्टे, दांडपट्टे. घरचे हसतात. "नळ गळायलाय आन तुमी ढाल घासायलाव," असं सुनंदा म्हणते. तिचं काही चूक नाही, नळ अजून गळतोच आहे.

मागच्या वर्षी मी ठरवलं, कापूस भरून जाड शिवलेला डगला करायचा. पायदळातल्या गरीब शिपायाला लोखंडी चिलखत कुठून परवडणार? तो असा डगला घालायचा. मशीनवर शिवायचं नाही, हा आमचा नियम. डगल्याचे टाके म्हणजे शेवटी गोधडीचेच, म्हणून आमच्याकडे जिला वाकळ म्हणतात ती शिवणारं माणूस शोधत मी चाकूरजवळच्या एका गावात पोचलो. तिथे काशीमावशी भेटली. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण टाका सरळ. पहिल्या रविवारी ती मला सर म्हणाली, दुसऱ्यापासून बाबा. चार महिने दर रविवारी तिच्या ओसरीवर बसून मी टाके घातले आणि त्यातले निम्मे तिने उसवायला लावले.

मावशीकडे एक अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची पितळी टोपी. तिच्या सासूचं, वापरून वापरून पातळ झालेलं. घरात फोमच्या गाद्या आल्या, वाकळ शिकायला सुना तयार नाहीत. एकदा तिनेच विषय काढला, डगला नीट पुरा केलास तर हे तुला देईन. नीट या शब्दावर जोर होता. माझी पीएचडी अर्धवट राहिली त्याचं मला कधी फार वाटलं नाही, पण त्या अंगुस्तानाची मात्र आस लागली.

डगला संपत आला तेव्हा तिने शेवटची गोष्ट सांगितली. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा. "एवढं राबवून घेणार आपण ह्या डगल्याकडून. कामाला उपाशी ठिवू न्हाई, बाबा." मी मान हलवली. घरी आल्यावर वाटलं, भाकरीला मुंग्या आणि झुरळं लागतील, आणि मी कोपरा तसाच शिवून टाकला. पुढच्या रविवारी मावशीने विचारलं, तर घातला म्हणालो. ज्वारीच्या भाकरीचा, अशी पुस्तीही जोडली.

सोमवारी कॉलेजातून आलो तर डगल्याचा तो कोपरा उसवलेला. दोरा तुटला नव्हता. गाठ सोडून, दोरा काढून, गुंडाळून शेजारी ठेवलेला होता. मी दुहेरी गाठ मारून परत शिवला. बुधवारी पुन्हा तेच. सुनंदाला विचारलं तर ती भडकली, त्या बोजड धुडाला हात कोण लावतंय म्हणाली. तिसऱ्यांदा शिवला, शुक्रवारी तिसऱ्यांदा उसवला. आता मात्र मी कंटाळलो. किल्ल्यावर जायच्या दिवशीच बघू म्हटलं, आणि कोपरा तसाच उघडा ठेवून डगला लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. किल्ली माझ्या खिशात. त्याआधी वजन केलं होतं, कारण प्रत्येक वस्तूचं वजन लिहायचं असा आमच्या ग्रुपचा शिरस्ता आहे. तीन किलो सहाशे चाळीस ग्रॅम.

रविवारी सकाळी निघताना कपाट उघडलं. कोपरा शिवलेला होता.

माझा पांढरा दोरा बाजूला तसाच पडलेला. हा दोरा वेगळा, मळकट, हाताने कातल्यासारखा. सात टाके, तिळाएवढे. बोटाने दाबलं तर आत काहीतरी टणक लागलं. मी लगेच वजन केलं. पंधरा ग्रॅम जास्त.

उदगीरला मावशी मुलाच्या जीपमधून आली. मी डगला घालून तटाजवळ उभा होतो. तिने बोटांनी कड चाचपत चाचपत तो कोपरा गाठला, दाबला, आणि तिचा चेहरा खुलला. कनवटीचं अंगुस्तान काढून तिने माझ्यापुढे धरलं.

"जेवलाय," ती म्हणाली. "घे."

माझा हात पुढे गेलाही होता. पण तिचा तो चेहरा बघून मला ते घेववेना.

"मावशी, मी घास घातला नव्हता. खोटं बोललो तुझ्याशी."

ती रागावली नाही. पुन्हा एकेक टाका चाचपत राहिली, बराच वेळ.

"ह्यो टाका तुझा न्हाई," ती म्हणाली. "माझाबी न्हाई. कुण्या जुन्या हाताचा हाय. त्याला तुझा डगला उपाशी बघवला न्हाई."

आणि अंगुस्तान तिने परत कनवटीला लावलं. पुढच्या रविवारी नवं कापड घेऊन ये म्हणाली, पहिल्यापासून.

ओलाव्याने कापसाचं वजन वाढतं, हे मी स्वतः वर्गात शिकवतो. पंधरा ग्रॅमचं कोडं तसं सोडवता येईल... पण ओलावा टाके घालत नाही. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडेच होती. खताचं दुकान असलेला मित्र म्हणतो, कोपरा उसवून बघ, दोन मिनिटांचं काम. मी उसवलेला नाही. ज्याने माझी चूक निस्तरली त्याचंच काम उसवायचं, हे मला बरं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर उत्तरावाचून माझं काही अडलेलंही नाही.

दुसरा डगला मागच्या महिन्यात पुरा झाला. मावशीने कोपरा दाबून बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अंगुस्तान दिलं. ते माझ्या करंगळीलाच बसतं. आता काहीही शिवलं की शेवटच्या कोपऱ्यात मी घास ठेवतो. जरा मोठाच ठेवतो, त्या जुन्या हाताच्याही वाटणीचा.