गोदूबाईची हुरमुंजी

रेवदंड्यात लग्नघर रंगवायचं झालं की गोदूबाईला सांगावा जातो. भिंती कुणीही रंगवो, जोत्याचा आणि उंबऱ्याचा तांबडा पट्टा तिच्याच हातचा लागतो. डिंकाच्या पाण्यात हुरमुंजी कालवून ती दोरी न लावता सरळ रेघ ओढते. तोंडाचा पट्टा सोबत चालूच असतो, तो मात्र कधी सुकत नाही.

रंगाच्या नावाची गोष्ट तिला सासऱ्यांनी सांगितली होती. इराणजवळच्या होर्मुझ बेटाला आपल्याकडचे जुने लोक हुरमुंज म्हणत. तिथली तांबडी माती गलबतांतून इकडच्या बंदरांत यायची, म्हणून ती हुरमुंजी. हे तिने अर्ध्या गावाला ऐकवलं असेल.

यंदा माझ्या मृणालीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास तिकडच्या लढाईमुळे होर्मुझच्या तोंडाशी जहाजं अडकली. त्यांतल्या एका तेलाच्या जहाजावर गोदूबाईचा एकुलता एक निकेत खलाशी आहे. आमचं जोतं रंगवून झालं होतं, उंबरा तेवढा राहिला होता. बातम्यांत ते नाव ऐकलं आणि बाईने कुंचला खाली ठेवला. म्हणाली, पोर ज्या गावाच्या दारात अडकलंय, त्या गावची माती मी लोकांच्या पायाखाली घालणार नाही.

मला रागच आला. ऐन लग्नाच्या घाईत हे कसलं खूळ? मी तिला सुनावलं, की हल्लीची पुडी कारखान्यातली असते, होर्मुझचा त्यात कणही नसतो.

"नाव तं तिथलंच हाय ना, वयनी," ती म्हणाली.

मी पुडी उचलून फळीवर टाकली.

हळदीच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडेच असताना निकेतचा फोन आला. जहाज सुटलं होतं. गोदूबाई रडली, हसली, माझ्या गळ्यात पडली. मी लगोलग रंगाची पुडी काढून ठेवली. तेवढ्यात पोरगा पुढचं बोलला. माल उतरवून जहाज पुन्हा आखातात जाणार होतं, बदलीची माणसं यायला तयार नव्हती, म्हणून तो राहणार होता. गोदूबाईने फोन ठेवला, पुडीकडे पाहिलं आणि घरी गेली. मी पुडी पुन्हा फळीवर ठेवली.

दुसरीला बोलवू या, असं आमच्या यांनी सुचवलं. मी नको म्हटलं. मृणाली कोऱ्या उंबऱ्यावरूनच सासरी निघाली. विहीणबाईंनी विचारलंच, पट्टा राहून गेला वाटतं?

"आमचा निकेत अजून तिकडे आहे," मी म्हटलं.