आधी काट्यावर, मग आकाशात

आमचे मोठे साडू माणसाला आधी किलोत ओळखतात, नावाने नंतर. बारशाला कोणी भेटले की बाकीच्यांची नजर कपड्यांवर जाते, यांची पोटावर. मग ते मनाशी कसली तरी बेरीज करतात. त्याला कारण आहे. सेलूजवळ त्यांची कापसाची जिनिंग आहे, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी विमान चालवायचा परवाना काढला. नागपूरच्या बाजूच्या एका लहान धावपट्टीवरचे चार आसनी विमान तासाच्या भाड्याने घेऊन ते एकेका नातेवाइकाला वर फिरवून आणतात. गेल्या वर्षापर्यंत एकोणीस झाले होते. विसावी व्हायची होती त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. ताई बसत नसे. आणि साडू मुळात शिकले ते तिला बसवायला.

त्यांचे धरून चौघांचे वजन तीनशे दहा किलो, वर अर्धा किलोही नाही, हा त्यांचा नियम. लोक वजनाबाबत खोटे बोलतात, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर चढायचे, चपला आणि पर्ससकट. आकडे लिहायचे काम माझ्याकडे, कारण मी कोणाचेही वजन भिडेखातर कमी लिहीत नाही. वडनेरला शेती करणाऱ्या आमच्या मेव्हण्याने फोनवर ब्याऐंशी सांगितले होते. काट्याने सत्त्याण्णव दाखवले. त्याने पट्टा काढला, पाकीट काढले, श्वास आत ओढला. सत्त्याण्णवच.

"काटाच खराब हाये," तो म्हणाला.

"मागच्या साली याच काट्यावर तुया कापूस मोजला, तवा बरोबर होता," साडू म्हणाले.

सासूबाई जेमतेम शेचाळीस किलो. पण विमानाजवळ त्या एका बाजूला झुकून चालताना दिसल्या, म्हणून साडूंनी पिशवी उघडली. पुऱ्या, तिळाचे लाडू, संत्री, मिळून पावणेपाच किलो. उड्डाण वीस मिनिटांचे होते. "वर भूक लागली तं कोणाच्या घरी जाऊ, जवाईबुवा?" त्यांनी विचारले. पिशवी माझ्या ताब्यात आली. उतरल्यावर त्यांनी लाडू मोजून घेतले.

उड्डाणाआधी साडू सगळ्यांना दोनदा लघवीला पाठवतात. विमानाला हार घालू देतात, नारळ फोडू देत नाहीत. एकदा चाके सुटली की मात्र या काटेकोर माणसाला आनंद आवरत नाही. नातेवाइकांना गच्चीवर चादरी पसरायला सांगून ठेवलेले असते, त्यांवरून ते घरे ओळखतात आणि प्रत्येकाला वरूनच नमस्कार करतात. माझ्या पाळीला वर्ध्यावरून जाताना मी माझे घर पाहिले. इतक्या उंचावरून स्वतःचे घर पाहताना काय वाटले, असे लोक विचारतात. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे होते.

या सगळ्या वेळात ताई खाली कुंपणाशी उभी असे. विमान टेकेपर्यंत मान खाली नाही, पाण्याचा घोट नाही. साडू दर वेळी विचारत, ती दर वेळी नको म्हणे. भीती वाटते का, असे मी एकदा विचारले.

"मले काय्चा भेव?" ती म्हणाली. "पण दोघंही वर गेलो अन् काई झालं, तं पोरीचं लगन कोण करन? एकानं तं खाली राहा लागते."

मी हे साडूंना सांगितले. त्या दिवसापासून त्यांनी विचारणे बंद केले.

यंदा मुलीचे लग्न झाले. सासर नाशिकला. पाठवणीनंतर पाचव्या दिवशी मी जिनिंगमध्ये हिशेबाला बसलो असताना ताई चपला आणि पर्ससकट आली आणि कोणी न सांगता काट्यावर चढली. "लिहा भाऊजी," म्हणाली. एकोणसाठ. साडूंनी आकडा तीनदा पाहिला. मला वाटते, त्यांना तो दिसत नसावा.

दुसऱ्या दिवशी मागच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. वजनात मी आरामात बसत होतो. बसलो नाही. वीस मिनिटांची चाळीस झाली, माझी मान दुखून आली, तेव्हा विमान उतरले.

काय पाहिले, असे मी ताईला विचारले.

"नाशिक इथून दिसत नाई, मले ठाव हाये," ती म्हणाली. "पण यायनं इतका वेळ इमान तिकडंच धरलं होतं."

साडू आमच्याकडे पाठ करून विमानाचे बंद झालेले दार पुन्हा पुन्हा लावत होते.