सेनापतींचा आवाज बसला

आमच्या रंगाच्या कारखान्याचा फुटबॉल संघ कधीच फार चांगला नव्हता. पण सेनापती येईपर्यंत निदान लोक आमची कीव करत नव्हते.

सेनापती हे नाव आम्हीच ठेवलेलं. नोकरीने ते छटा तपासनीस. पत्र्याच्या तुकड्यावर रंग ओढायचा, तो दिव्याखाली धरायचा, डोळे बारीक करायचे आणि 'किंचित पिवळा मारतोय' असं म्हणून आमची अख्खी सकाळ पाण्यात घालवायची, हे त्यांचं काम. फुटबॉलशी संबंध टीव्हीपुरता. जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. लावला असता तर मुरगळला असता. पण कारखान्याचे मॅनेजर त्यांचे साडू. जुने प्रशिक्षक गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसले, तेव्हा साडूने साडूला विचारलं आणि साडूने साडूला हो म्हटलं. आम्हाला कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी कॅन्टीनच्या टेबलावर रंगाच्या डब्यांची अकरा झाकणं मांडली. "मैदान म्हणजे रणांगण," ते म्हणाले. तिथेच नाव पडलं. मग एकेक झाकण बोटाने पुढे सरकवत गेले. "आजपासून आपण प्रेसिंग करायचं. चेंडू त्यांच्याकडे गेला रे गेला की सगळ्यांनी अंगावर जायचं. श्वास घेऊ द्यायचा नाही. दाबा, दाबा आणि दाबा!"

"आणि मागे कोण?" आमच्या गोलीने विचारलं. तो पॅकिंगमधला, अंगाने भरलेला, शांत माणूस.

"तू आहेस की."

"मी एकटा?"

"चेंडू तिथवर येणारच नाही," सेनापती म्हणाले आणि अडाणी माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

पहिला सामना बस डेपोशी होता. डेपोवाल्यांना फुटबॉलमधलं एकच येत होतं, चेंडू लांब मारायचा. आम्ही दहाच्या दहा जण कुत्रं मागे लागल्यासारखे त्यांच्यावर धावायचो, ते आमच्या डोक्यावरून चेंडू भिरकावायचे आणि त्यांचा फॉरवर्ड मधल्या रेषेपासून एकटा निघायचा. सुरुवातीला तो पळत जायचा. पुढे पुढे चालत जाऊ लागला. आम्ही पाच गोल खाल्ले. सामन्यानंतर सेनापतींनी गोलीला सगळ्यांदेखत झापलं, "पाच पाच संधी मिळाल्या होत्या तुला!" हातमोजे काढून गोलीने ते इतक्या सावकाश पिशवीत ठेवले की आम्हालाच लाज वाटली.

दुसऱ्या सामन्याआधी साडूंनी केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनावले असावेत. कारण या वेळी सगळी झाकणं टेबलाच्या एका कडेला येऊन बसली होती. "बचाव!" सेनापती म्हणाले. पाच बॅक, त्यांच्यापुढे चार जण, आणि पुढे एकटा फॉरवर्ड, आमचा फोर्कलिफ्टवाला. समोर इस्पितळाचा संघ होता. पूर्ण सामना आमच्याच बॉक्समध्ये झाला. तिथे इतकी गर्दी होती की आम्ही आपल्याच माणसांच्या पायात पाय घालून पडत होतो. शेवटी एक चेंडू आमच्याच बॅकच्या पाठीला लागून आत गेला. हा बॅक म्हणजे सेनापतींचा सख्खा मेहुणा, मशीन दुरुस्तीतला. फोर्कलिफ्टवाला घाम न आलेलं तोंड पुसत म्हणाला, "सुरुवातीला चेंडू मीच मारला. नंतर आमची भेट नाही."

मेहुणा माझा दोस्त. त्या आठवड्यात त्याच्याबरोबर मीही सेनापतींकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या बायकोचा शिवणकामाचा धंदा. जेवणाच्या टेबलावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारून आम्ही ताटं मांडली. सेनापतींनी मिठाची बरणी पुढे सरकवली, पाण्याचा तांब्या मागे घेतला आणि पुन्हा शिकवायला सुरुवात केली.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "झाकणं दमत नाहीत. माणसं दमतात."

"दमणं हे मनावर असतं." असं म्हणून पाणी आणायला त्यांनी बायकोला उठवलं.

वहिनींनी तांब्या आदळला. "अहो, एकदा सगळे पुढे, एकदा सगळे मागे. अधलंमधलं काही असतं की नाही?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"काहीच नाही. पण तुम्हालाही कळत नाही, एवढं कळतं."

सेनापतींनी भाताचा घास घेतला आणि माझ्याकडे बघून हसले, जणू बायकांचं बोलणं पुरुषांनी असंच सोडून द्यायचं असतं. मी मान खाली घालून जेवलो.

शेवटचा सामना शीतगृहाशी. हरलो तर खालच्या गटात जाणार होतो. सेनापतींनी या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. म्हणजे एकाच दमात "दाबा!" आणि "मागे या!" असं ओरडू लागले. आमचा मधला खेळाडू बिचारा आज्ञाधारक; तो भोवऱ्यासारखा जागीच फिरत होता. हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो आणि सेनापतींचा आवाज पार बसला होता. घशातून नुसती हवा यायची. त्यांनी खिशातून झाकणं काढून गवतावर मांडली, पण कुठलं झाकण कोण हे सांगणार कसं? थोडा वेळ आम्ही बघितलं, मग बघायचं सोडलं.

फोर्कलिफ्टवाला आडवा पडून म्हणाला, "मी आता कुणाला दाबायला जाणार नाही. माझे पाय संपले."

"मग निदान उभा राहा," मेहुणा म्हणाला. "त्यांच्या मधल्या माणसाच्या वाटेत. चेंडू कडेला गेला तरच धाव. तिथे एका बाजूला रेष असते, त्याला पळायला अर्धीच जागा."

मी डावा बॅक. "आणि मी?"

"तू पुढे गेलास तर उजव्याने मागे थांबायचं. तो गेला तर तू. दोघं एकदम गेलात तर तंगडी मोडीन." मग मधल्याकडे वळून, "तू माझ्यापुढे उभा राहा आणि कुठेही जाऊ नकोस."

"हे चांगलंय," मधला म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

यात अक्कल कमी आणि थकवा जास्त होता, हे कबूल करायला हवं. पण जमलं. शीतगृहवाल्यांना मधून वाट मिळेना, म्हणून ते कडेने खेळू लागले. एकदा त्यांचा बॅक रेषेपाशी अडकला, फोर्कलिफ्टवाल्याने आणि आमच्या उजव्या फॉरवर्डने त्याला दोन्हीकडून घेरलं, चेंडू सुटला आणि बरोबरी झाली. त्यांनी लांब मारून बघितलं, तर खाली मेहुणा आणि मधला उभेच. शेवटी आम्हाला मिळालेल्या एका कॉर्नरवर मेहुण्याने डोक्याने गोल केला.

मी तेव्हा साइडलाइनजवळ होतो. सगळे मेहुण्याच्या अंगावर पडलेले. सेनापती बाकाशेजारी दोन्ही हात वर करून उभे होते आणि चेंडूकडे नव्हे, आमच्याकडे बघत होते. कुणी आपल्याकडे वळतंय का ते. कुणी वळलं नाही. हात हळूच खाली आले. क्षणभर मला वाईट वाटलं.

ते वाईट वाटणं सत्कारापर्यंतच टिकलं. साडूंनी कॅन्टीनमध्ये त्यांना हार घातला आणि सेनापतींनी घसा खाकरून सांगितलं, "मी मुद्दामच गप्प बसलो. संघाला स्वतःचा समतोल सापडू दिला." मग समतोल समजावताना त्यांनी टेबलावर दोन्ही बॅकची झाकणं एकदम पुढे सरकवली.

"मग मी कुणाबरोबर उभा होतो?" मागून गोलीने विचारलं. कॅन्टीन हसून लोळायला आलं. सर्वांत मोठ्याने सेनापती हसले.

ते पुढे बरीच वर्षं प्रशिक्षक राहिले. आम्ही मेहुण्याच्या पद्धतीने खेळत राहिलो आणि ते बाहेरून "दाबा!" ओरडत राहिले. गंमत अशी, की समोरचे संघ ते खरं मानायचे. आम्ही अंगावर येणार या भीतीने घाईघाईत चेंडू लांब भिरकावायचे, आणि तो अलगद मेहुण्याच्या पायात यायचा. कित्येक सामने आम्ही त्या ओरडण्यावर काढले.

"एकदा सांगून टाक ना त्यांना," मी मेहुण्याला म्हटलं. "आपण काहीतरी कामाचे आहोत हे कळून त्यांना बरं वाटेल."

"नको रे," तो म्हणाला. "कळलं तर विचार करून ओरडायला लागतील."