सोनाबाईंच्या आवडीची भाकरी

सोनाबाईंना कडक भाकरी आवडते, हे घरात सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की खुद्द सोनाबाईंना कधी कुणी विचारलंच नाही.

त्या घराची रीतच होती तशी. ज्याचा वाढदिवस, त्याच्या आवडीचं जेवण. मुलगा युवराजला पुरणपोळी, सून अंकिताला भरलं वांगं, नात सृष्टीला गुलाबजाम आणि मालकांना, म्हणजे रामहरींना, काळ्या तिखटातलं मटण. आणि हे सगळं रांधायचं कुणी? आता हे काय विचारणं झालं! सोनाबाईंनी. त्यांच्या हातची चव दुसऱ्या कुणाला येते का? हे एवढं एक वाक्य ऐकत बाईनं उभा जन्म आधी चुलीपुढं, मग स्टोपुढं, मग गॅसपुढं काढला. कौतुकाचं असंच असतं. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्यानं दुखणारी कंबर काही शेकत नाही.

जेवायच्या आधी आणखी एक प्रकार असायचा. सृष्टीनं शाळेतून आणलेलं खूळ ते. सगळ्यांनी गोल करून बसायचं, ज्याचा वाढदिवस असेल त्याची एकेक आठवण सांगायची आणि थँक्यू म्हणायचं. सोनाबाईंच्या कानावर या आठवणी स्वयंपाकघरात यायच्या, कारण तेवढ्यात तेल तापलेलं असायचं.

त्यांचा स्वतःचा वाढदिवस आधार कार्डावर एक जूनचा. खरा कधीचा ते देव जाणे. त्या काळी मास्तरांनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता. आजवर तो दिवस कधी कुणी केला नव्हता. यंदा युवराजच्या मनात आलं, “आईचा वाढदिवस दणक्यात करायचा.” खरं सांगायचं तर सोनाबाई हरखल्या. साडी नको, अंगठी नको. एक दिवस आपण बसायचं, आणि कुणीतरी तव्यावरची वाफाळती, मऊ, टम्म फुगलेली भाकरी आपल्या ताटात टाकायची. बास. एवढंच त्यांनी मनात धरलं, आणि चार दिवस त्या आशेवर त्यांचं काम हलकं झालं.

“तुझ्या आवडीचा बेत ठरवलाय आई,” युवराज म्हणाला. “कडक भाकरी आणि शेंगाची आमटी! सगळी गल्ली बोलावली हाय.”

“भाकरी नव्या पेठेतनं आणूया की,” अंकिता म्हणाली. बिचारीनं म्हणून तरी बघितलं.

“बाहेरच्या भाकरीला आईच्या हातची सर येईल व्हय?”

झालं! विषय मिटला. जिचा वाढदिवस तीच आचारी.

आता हे आवडीचं खूळ आलं कुठून? सगळ्यांना वाढून झालं की भाकरीच्या पाटीत उरायचं काय, तर सकाळची नाहीतर कालची वाळून खडखडीत झालेली भाकरी. आई ती आमटीत चुरून खाते हे बघत युवराज लहानाचा मोठा झाला. त्याला वाटलं, आईला हीच आवडते. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! बाईनं कधी तोंड उघडलं नाही. पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं, आणि नंतर सांगायचं कसं तेच कळेना.

एक जूनला सोलापुरात काय ऊन असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. सकाळपासून सोनाबाई परातीपुढं होत्या. भाकरी पातळ थापायची, दोन्ही अंगांनी भाजायची आणि मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत कडक करायची. एकेकीला वेळ लागतो. चळत चढत गेली, तसे पाय सुजत गेले. अंकिता दोनदा “मी बसू का?” म्हणून आली, पण तिची भाकरी जाड होते म्हणून परत गेली, तिसऱ्यांदा आली नाही. नवीन साडी नेसताना सोनाबाईंना निऱ्या घालायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी अंकितानं त्यांना औक्षण केलं, केक कापून झाला, आणि त्यांना मधल्या खुर्चीवर बसवून आठवणी सुरू झाल्या.

“आजी मला रोज डबा करून देते,” सृष्टी म्हणाली. “तिला कधीच कंटाळा येत नाही. थँक्यू आजी.”

शेजारच्या सुंदरम्मा म्हणाल्या, “मला ताप आला तवा आठ दिस हिच्याच घरची भाकरी खाल्ली मी. देवाचं माणूस हाय.”

अंकितानं बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडवांची आठवण सांगितली आणि तिचे डोळे खरोखर पाणावले. मग युवराज उठला. “दहावीला मी पहाटे उठायचो, तर आई माझ्याआधी उठून चहा घेऊन उभी. आमची आई कधी दमलीच न्हाय. मशीन हाय मशीन!”

टाळ्या पडल्या. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. सगळ्यांचा जीव होता, हे सोनाबाईंना कळत होतं. अशा वेळी डोळे भरून यायचे, तर त्यांचे पायच भरून आले. आता वाढायला उठावं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

“बाबा, तुम्ही बोला की,” अंकिता म्हणाली.

रामहरी म्हणजे विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस. ते जरा पुढं सरकले. मग म्हणाले, “लग्नाच्या पहिल्या वर्सी आमी मोडनिंबला माझ्या आत्याकडं गेल्तो. आत्यानं हिला चुलीपुढं बसवलं आन् तव्यावरची भाकरी सरळ हिच्या ताटात टाकत गेली. हिनं दुधात कुस्करून तीन खाल्ल्या. मला हसू आलं, तर म्हणती कशी, हसताय काय, मला अशीच आवडती, मऊ आन् गरम.” त्यांनी बायकोकडं बघितलं. “त्यानंतर हिला बसून जेवताना मी बघितलंच न्हाय. युवराज, तुज्या आईला कडक भाकरी आवडत न्हाय रं. तिच्या वाट्याला ती उरती.”

सोनाबाईंना असा राग आला! म्हणजे या माणसाला ठाऊक होतं. इतकी वर्षं समोर बसून गरम भाकरी मोडत होता आणि ठाऊक होतं. आणि त्याच रागात त्यांना बरंही वाटलं, कारण त्यानं तीन हा आकडासुद्धा ध्यानात ठेवला होता.

“मी दमलीय,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “आज न्हवं. लई वर्सं झाली दमलीय मी.”

युवराजची मान खाली गेली. अंकिता झटकन उठली, “आई, मी टाकते गरम भाकरी.”

“तू थांब,” रामहरी म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत उठले. “मी टाकतो.”

सुंदरम्मांना हसू आवरेना. ज्या माणसानं कधी गॅस पेटवला नाही, तो भाकरी टाकणार! आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. मग हाक आली, “अगं, पिठाचा डबा कुटं असतो?”

सवयीनं सोनाबाई अर्ध्या उठल्या. मग त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या, आणि सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर नीट ठेवले.

“हुडका,” त्या म्हणाल्या.