कोणी न घेतलेली अहिराणी कॅसेट

लिंबायतहून भेस्तानला मला रोज नेणाऱ्या रिक्षावाल्याचं नाव कधी विचारलं नाही. त्याच्याकडे एकच कॅसेट होती, बासरी-गिटार-ढोलावरच्या अहिराणी गाण्यांची. अख्ख्या सुरतेत ती दोघांनी घेतली आणि त्यातल्या एकाने परत केली. आवाज एवढा, की वाटेतल्या म्हशी आटायच्या.

एकदा दमून मी ओरडलो, "भाऊ, हळू वाजवा ना!"

त्याने आरशात माझे ओठ वाचले.

"पावरलूमना खडखडाटमा कान गयात, भाऊ," तो थकल्या आवाजात म्हणाला. "कॅसेटमातली पहिले बासरी गई, मंग गिटार. औंदा शब्दबी गयात."

मला गाणी पाठ झाली होती. सिग्नलला मी आरशात तोंड दिसेल असा वाकलो आणि एकेक शब्द म्हणू लागलो. सिग्नल हिरवा झाला, मागे अर्धी सुरत हॉर्न वाजवू लागली, पण रिक्षा काही हलेना.